आमची जुनी नवी गाडी

मोटारींविषयी आपण कधी काही लिहू असे आम्हांला वाटले नव्हते. गोरेगावच्या सेमिनरीत आम्ही जी वर्षे काढली, त्या काळात ॲरिस्टॉटल वाचला, अक्विनास वाचला, ख्रिस्तसभेचा इतिहास घोकला. मात्र इंजिन कशाने चालते हा प्रश्न आम्हांला पडला नाही आणि कोणी तो विचारलाही नाही. दीक्षाविधीनंतर पहिल्या धर्मग्रामात आमच्या वाट्याला सायकल आली, दुसऱ्यात स्कूटर आली. स्कूटरमध्ये पेट्रोलच घालावयाचे असते; तेथे निवडीला वाव नव्हता. पुढे जेथे गेलो तेथे चर्चची गाडी आधीपासून उभी असे, आणि ती जे मागेल ते तिला पाजावयाचे एवढेच आमचे काम. अशा माणसावर वयाच्या पंचावन्नाव्या वर्षी एक जुनी गाडी विकत घेण्याची जबाबदारी आली, आणि ती पेट्रोलची असावी की डिझेलची या एका प्रश्नाने त्याचे जवळजवळ तीन महिने खाल्ले.

आमच्या वसईत आता घरागणिक गाडी दिसते. नवी घेण्याची ऐपत नाही किंवा इच्छा नाही असे पुष्कळ जण जुनी घेतात. मिस्सा संपल्यावर चर्चच्या आवारात घोळका करून उभे राहिलेले बाप्ये कशावर बोलत आहेत हे पाहावयास गेलो, तर निम्म्या वेळा विषय ॲव्हरेजचा असतो. तेव्हा आमचा अनुभव कोणाच्या तरी उपयोगी पडेल असे वाटले. शिवाय या व्यवहारात आमची एक चूक गुंतलेली आहे. ती सांगितल्यावाचून हिशेब पुरा होत नाही.

आमच्या धर्मग्रामाची जुनी गाडी म्हणजे २००९ च्या नोव्हेंबरात आमच्या पूर्वसुरींनी नवी घेतलेली डिझेल जीप. त्या जीपने काय वाहिले नाही! नाताळच्या गोठ्याचा पेंढा, सणाच्या मांडवाचे केळीचे खुंट, संगीत स्पर्धेला निघालेली मुले आणि त्यांची हार्मोनियम, एकदा तर प्रसूतीसाठी निघालेली बाई. तिचा आवाज वाडीच्या टोकापर्यंत ऐकू जाई; फादर येत आहेत हे लोकांना आधी कळे आणि पत्ते खेळणारे पाने उचलून ठेवीत. आम्ही त्या धर्मग्रामात गेलो तेव्हा जीप बारा वर्षांची झाली होती. तिची प्रकृती ठीक होती. बिघडली ती आमच्या हाती.

२०२४ च्या जुलैतील गोष्ट. रात्रीचे दोन वाजून गेले होते, पाऊस कोसळत होता. फोन आला. चार किलोमीटरवरील एका वाडीतील आजी शेवटच्या घटका मोजीत आहेत, फादरांना बोलवा म्हणतात, असे त्यांचा मुलगा सांगत होता. आजी आमच्या चांगल्या परिचयाच्या. तरुणपणी पहाटेच्या गाडीने दादरला फुले घेऊन जात. चाळीस वर्षे त्यांनी तो पाटा डोक्यावर वाहिला होता. आम्ही पवित्र तेल आणि परमप्रसाद घेऊन जीपमध्ये बसलो, किल्ली फिरवली. एकदा घरघर झाली, मग नुसता ‘टक्’ असा आवाज, मग तोही नाही. आमचे सहायक धर्मगुरू घरी गेले होते. तसल्या पावसात तेवढी अवजड जीप एकट्याने ढकलून चालू करणे शक्य नव्हते. रिक्षा त्या वेळी कोठून मिळावी? अखेर शेजारच्या एका मुलाला उठविले आणि त्याच्या मोटारसायकलवर मागे बसून, छत्री उलटीपालटी होत असता, आम्ही पोहोचलो. त्या साऱ्यात पाऊण तास गेला. आजी दहा मिनिटांपूर्वीच गेल्या होत्या.

रुग्णाभ्यंग हा जिवंतांचा संस्कार आहे. आम्ही मृतांसाठी असलेल्या प्रार्थना म्हटल्या. आम्ही निथळत उभे होतो. मुलाने आतून टॉवेल आणून दिला. तो एक अक्षरही बोलला नाही.

अंत्यविधीच्या दिवशी लोक आपसात बोलत होते: डिझेलच्या गाडीचा काही भरवसा नाही, थंडीपावसात ती अशीच दगा देते, आता फादरांना पेट्रोलची गाडी हवी. आम्ही ऐकत होतो. वस्तुस्थिती अशी होती की नाक्यावरच्या मिस्त्रींनी आम्हांला मार्चमध्ये सांगितले होते, “फादर, बॅटरी संपत आली, बदलून टाका.” मे महिन्यात त्यांनी पुन्हा सांगितले. बॅटरीला सहासात हजार रुपये पडणार होते. जीपची नोंदणी नोव्हेंबरात संपते, पंधरा वर्षे भरतात, मग कशाला खर्च करावयाचा, पावसाळ्यानंतर पाहू, असे म्हणून आम्ही ते टाळले. दोष डिझेलचा नव्हता. परंतु डिझेलवर तो आयता जाऊन बसला होता आणि आम्ही त्याला तेथून उठविले नाही.

ऑगस्टमध्ये धर्मग्राम मंडळाची बैठक झाली. जीपची पुन्हा तपासणी करून नोंदणी वाढवून घेण्यापेक्षा ती मोडीत काढावी आणि जुनी पण बरी गाडी घ्यावी, हे ठरावयास वेळ लागला नाही. नवी का नको, असे एकाने विचारले. शाळेच्या छपराचे काम तोंडावर होते, हे त्याचे साधे उत्तर. आम्ही त्यात आणखी एक भर घातली. २०१३ साली दिवंगत पोप फ्रान्सिस यांना इटलीतील एका वृद्ध धर्मगुरूंनी आपली १९८४ ची रेनो ४ गाडी भेट दिली होती. तीन लाख किलोमीटर पळालेली. पोपमहोदयांनी ती स्वीकारली, आणि व्हॅटिकनच्या आवारात स्वतः चालविण्याची तयारी दाखविली. तीन लाख किलोमीटरच्या गाडीत पोप बसत असतील तर साठ हजारांच्या गाडीत आम्ही का बसू नये? हा युक्तिवाद सर्वांना पटला. तो इतका पटला की ‘नवी गाडी’ हा शब्द पुन्हा कोणी काढला नाही. रक्कम साडेतीन लाखांच्या आत ठरली.

मग मात्र मंडळाचे दोन तट पडले. कोषाध्यक्ष हे निवृत्त बँक कर्मचारी. त्यांचा कौल डिझेलला. भाजीचा टेम्पो चालविणारे एक शेतकरी सभासद त्यांच्या बाजूस. शाळेच्या बाई आणि तरुण संघाचे प्रतिनिधी पेट्रोलच्या बाजूस. सीएनजीचा विषय निघाला आणि मिटला, कारण पंपावरच्या रांगा सर्वांनी पाहिल्या होत्या आणि सिलिंडर डिकी अडवितो. आमची हार्मोनियम कोठे ठेवावयाची? विजेची गाडी त्या रकमेत बसत नव्हती. राहिले दोघे, आणि कोणाचेच कोणाला पटेना. सेमिनरीत आम्हांला बुरिदानच्या गाढवाची गोष्ट सांगत. दोन सारख्या गवताच्या ढिगांमध्ये उभे राहून, कोणता निवडावा हे न ठरल्यामुळे ते उपाशी मेले. आमच्या मंडळाचे तसे होऊ नये म्हणून चौकशी करण्याचे काम आमच्यावर सोपविले गेले.

आम्ही मिस्त्रींकडे गेलो. मिस्त्री सातवी शिकलेले, आणि आजवर आम्हांला जे उत्तम शिक्षक लाभले त्यांत त्यांची गणना आम्ही करतो. एका लाकडी खोक्यावर त्यांनी आम्हांला बसविले आणि एक उघडलेले इंजिन दाखवीत सांगितले, “फादर, पेट्रोलला ठिणगी लागते. डिझेलला ठिणगी लागत नाही.” पेट्रोलच्या इंजिनात हवा आणि पेट्रोल यांचे मिश्रण साधारण दहाव्या हिश्शाइतके दाबावयाचे आणि प्लगच्या ठिणगीने पेटवावयाचे. डिझेलच्या इंजिनात नुसती हवा दाबावयाची, पण ती सोळा, अठरा, वीसाव्या हिश्शापर्यंत. एवढी दाबली की हवा आपसूकच भयंकर तापते. त्या क्षणी डिझेलचा फवारा सोडला की तो आपोआप पेट घेतो. दाब जास्त म्हणून इंधनातून काम जास्त निघते. शिवाय एका लिटर डिझेलमध्ये एका लिटर पेट्रोलपेक्षा उष्णताही थोडी अधिक असते. म्हणून डिझेलचे ॲव्हरेज चांगले. पण त्याच कारणाने इंजिन जड, त्याचे भाग मजबूत आणि महाग. त्याच कारणाने, मिस्त्री आमच्याकडे न पाहता म्हणाले, ते फिरवावयास स्टार्टरला जोर फार लागतो आणि बॅटरी ताजी लागते. आणि तुमच्यासारखी गाडी रोज दोनदोन किलोमीटर चालली तर बॅटरी पुरती भरतच नाही.

घरी येऊन आम्ही थोडे वाचले. रुडॉल्फ डिझेल या जर्मन अभियंत्याने आपले पहिले यशस्वी इंजिन १८९७ साली आउग्सबुर्ग येथे चालवून दाखविले. १९१३ मध्ये अँटवर्पहून इंग्लंडला जाताना रात्रीतून तो बोटीवरून नाहीसा झाला. काही दिवसांनी त्याचा देह समुद्रात सापडला. त्याने उडी घेतली की आणखी काही झाले, याचा उलगडा आजतागायत नाही. जगातील ट्रक, आगगाड्या, जहाजे ज्याच्या नावाने चालतात त्या माणसाचा शेवट असा व्हावा! पण हे विषयांतर झाले.

टेम्पोवाल्या सभासदांची डिझेलवरील श्रद्धा कोठून आली हे शोधू लागलो तेव्हा आणखी एक गोष्ट ध्यानी आली. एके काळी आपल्या देशात डिझेल सरकारी आधाराने पेट्रोलपेक्षा पुष्कळच स्वस्त मिळे. १९९८ साली टाटांची इंडिका डिझेलमध्ये आली, तेव्हा साध्या कुटुंबालाही ती परवडू लागली. पुढे फियाटने आखलेले १२४८ सीसीचे डिझेल इंजिन आले. मारुतीच्या स्विफ्टमध्येही तेच, टाटांच्या व्हिस्टामध्येही तेच. मिस्त्री त्या इंजिनाचे नाव आदराने घेतात. पण जून २०१० मध्ये पेट्रोलच्या किमतीवरील नियंत्रण उठले आणि ऑक्टोबर २०१४ मध्ये डिझेलवरील उठले. दोहोंतील अंतर घटत गेले; जून २०२० मध्ये तर दिल्लीत डिझेल पेट्रोलहून महाग झाल्याचे पाहावयास मिळाले. मारुतीने एप्रिल २०२० पासून, बीएस-६ चे नियम लागू होताना, डिझेल गाड्या बनविणेच थांबविले. टेम्पोवाले सभासद जे बोलत होते ते त्यांच्या अनुभवाचेच होते. फक्त तो अनुभव जुन्या भावांचा होता, आणि टेम्पोचा होता. रोज पहाटे भाजी घेऊन मुंबई गाठणाऱ्याला डिझेल आजही परवडते.

प्रश्न होता आम्ही किती फिरतो याचा. कोषाध्यक्ष म्हणाले, महिन्याला हजार किलोमीटर तरी होत असतील. आम्हांलाही तसेच वाटत होते. माणूस आपल्या धावपळीचा अंदाज नेहमी चढाच करतो. सप्टेंबरचा संपूर्ण महिना आम्ही एक वही केली. त्या महिन्यात एका धर्मग्रामस्थाची गाडी उसनी होती. प्रत्येक फेरीचे किलोमीटर लिहिले: चर्च ते दवाखाना, चर्च ते सिस्टरांचे मठ, बिशप हाऊस, दफनभूमी, वाडीवरची मिस्सा, स्टेशन. महिनाअखेर बेरीज आली ४१२. म्हणजे वर्षाला सुमारे पाच हजार. एवढा मोठा वाटणारा आमचा संसार दिवसाला चौदा किलोमीटरांत मावत होता. खरे सांगावयाचे तर बेरीज पाहून आम्ही थोडे खट्टू झालो.

मग कोषाध्यक्षांना सोबत घेऊन हिशेब मांडला. वाचकांनी आपापले आकडे घालून तो करून पाहावा. त्या दिवसांत आमच्याकडे पेट्रोल सुमारे १०४ रुपये आणि डिझेल सुमारे ९० रुपये लिटर होते. आम्ही पाहत होतो त्या प्रतीच्या गाड्यांत पेट्रोलची लिटरला १६ किलोमीटर जाते आणि डिझेलची २०, असे धरले. पाच हजार किलोमीटरला पेट्रोलचे ३२,५०० रुपये होतात, डिझेलचे २२,५००. वर्षाची बचत दहा हजार. डिझेलची सर्व्हिस, फिल्टर, ऑइल यांचा खर्च वर्षाला सहा हजार तरी जास्त, असे मिस्त्रींनी सांगितले. इंजेक्टर किंवा टर्बो गेला तर त्याचे वेगळे. खरी बचत राहिली चार हजार. आणि डिझेलची जुनी गाडी साठ हजारांनी महाग होती. साठ हजार भागिले चार हजार: पंधरा वर्षे!

कोषाध्यक्ष मात्र सहजी हरणारे नव्हेत. त्यांनी चष्मा पुसला आणि विचारले, “फादर, पेट्रोलमधल्या इथेनॉलचे काय?” मुद्दा बिनतोड होता. आता पंपावर २० टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल येते. १० टक्क्यांसाठी बेतलेल्या चारचाकीचे ॲव्हरेज त्याने सहासात टक्क्यांनी घटते असा अंदाज नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालातच आहे. म्हणजे १६ चे १५ धरावयास हवे. पुन्हा मांडणी केली. पेट्रोलचा खर्च ३४,६०० च्या पुढे गेला, बचत बारा हजारांवर, देखभाल वजा जाता सहा हजारांवर. आणि पंधरा वर्षांची जवळजवळ पावणेदहा झाली. कोषाध्यक्षांचा चेहरा उजळला. परंतु जी डिझेल गाडी त्यांच्या मनात होती ती २०१४ ची. तिची नोंदणी २०२९ पर्यंतची. पावणेदहा वर्षांनी फिटणारा खर्च पाच वर्षांच्या गाडीत घालावयाचा कसा? हे त्यांच्या बँकेतील बुद्धीला आपोआप दिसले, आणि त्यांनी वही मिटली.

तरीही ती २०१४ ची डिझेल गाडी आम्ही पाहावयास गेलोच. याचे कारण ती दिसावयास फार सुंदर होती आणि विकणारा मनुष्य बोलावयास त्याहून गोड. पांढरी शुभ्र, बासष्ट हजार किलोमीटर, एकाच मालकाची, आत अत्तराचा घमघमाट. आम्ही तर मनातल्या मनात तिला चर्चच्या पोर्चमध्ये उभी केली. मिस्त्रींनी प्रथम बॉनेटवर हात ठेवला आणि ते हसले. बॉनेट गरम होते. आम्ही येण्याआधी गाडी चालू करून ठेवली होती. थंड इंजिन कसे उठते हेच तर डिझेल गाडीत पाहावयाचे असते. मग त्यांनी क्लच-ब्रेकच्या पेडलांवरचे रबर दाखविले. ते पार गुळगुळीत झाले होते. बासष्ट हजारांत रबर असे झिजत नाही. मग ड्रायव्हरच्या सीटचा पट्टा त्यांनी अखेरपर्यंत, जितका ओढता येईल तितका, बाहेर ओढला. जो भाग कधी बाहेर येत नाही तेथे एक आडवी मातकट रेघ होती. पायाखालचा गालिचा उचलला तर सीटचे बोल्ट गंजलेले, स्टेपनीच्या खड्ड्याच्या कडेला वाळलेला गाळ. अत्तराच्या आड आता आम्हांलाही एक ओळखीचा कुबट वास आला. जुलै २०१८ मध्ये आमच्या वसईत पाणी भरले, दिवसचे दिवस वीज नव्हती, तेव्हा पाणी ओसरल्यावर तळमजल्यांच्या घरांना जो वास येत होता, तोच. गाडी सीटपर्यंत बुडून निघाली होती. मिस्त्री विकणाऱ्याला एवढेच म्हणाले, “भाऊ, फादरांना तरी सांगायचे होते.” तो म्हणाला, “त्यांनी विचारले कुठे?”

ते वाक्य आमच्या जिव्हारी लागले. परतीच्या वाटेवर मिस्त्री पुढे काय पाहावयाचे ते सांगत होते: ऑइलच्या झाकणाखाली दुधासारखा फेस दिसला तर पाणी मिसळते आहे, निळा धूर दिसला तर इंजिन ऑइल पिते आहे, कर्जाचा बोजा आरसी बुकावर नाही ना ते आधी तपासावे. आमचे लक्ष त्यात नव्हते. त्या मनुष्याने गाळावर अत्तर शिंपडले होते, आणि विचारले नाही म्हणून तो बोलला नव्हता. आम्हांलाही त्या जुलैच्या रात्रीविषयी कोणी काही विचारले नव्हते.

ऑक्टोबरच्या बैठकीत हिशेब वाचून दाखविण्यापूर्वी आम्ही सभासदांना सांगितले की त्या रात्री जीप चालू झाली नाही ती डिझेलची म्हणून नव्हे. मार्चमध्ये आणि मे महिन्यात बॅटरी बदलण्याचा सल्ला आम्हांला मिळाला होता आणि आम्ही तो मानला नाही. अक्विनासने विवेकाच्या तीन क्रिया सांगितल्या आहेत: सल्ला घेणे, निर्णय करणे आणि निर्णय अमलात आणण्याची आज्ञा देणे, त्यांत तिसरी मुख्य. सेमिनरीत या प्रश्नाचे उत्तर लिहून आम्हांला चांगले गुण मिळाले होते. मार्चमध्ये आम्ही सल्ला घेतला, बॅटरी बदलावयास हवी हा निर्णयही मनात झाला. फक्त “बदला” हा एक शब्द मिस्त्रींना म्हणावयाचा राहिला.

आजींचा मुलगा त्या मंडळाचा सभासद आहे हे सांगावयाचे राहिले. तो मागच्या बाकावर बसला होता. खोलीत पंखा तेवढा फिरत होता. काही वेळाने तो म्हणाला, “फादर, घरी माझी गाडी उभी होती. मी फोन करत बसण्यापेक्षा तुम्हांला न्यायला यायला पाहिजे होते. आईजवळून उठवेना.” पुन्हा थोडे थांबून म्हणाला, “पण बॅटरी बदलायची होती.” आम्ही म्हटले, “होय, बदलायची होती.” तो खाली बसला. त्याने आम्हांला क्षमा केली असे आम्ही येथे लिहिणार नाही. तो तसे काही बोलला नाही, आणि त्याच्या वतीने आम्ही बोलणे बरे नव्हे.

त्यानंतर चर्चा शांतपणे झाली. दोष धुतला गेल्याने डिझेलचा पक्ष जरा ताठ झाला. नवीन, २०२१ नंतरची डिझेल गाडी पाहावी का, असे एकाने सुचविले; रक्कम वाढवून देण्याचीही त्याची तयारी होती. त्यावर मिस्त्रींचे मत आम्ही सांगितले. बीएस-६ च्या डिझेल गाड्यांत काजळी अडविणारी जाळी असते. ती जाळी साफ होण्यासाठी गाडी मधूनमधून चांगल्या वेगाने बराच वेळ पळावी लागते. जी गाडी चर्चपासून दफनभूमीपर्यंत जाते आणि परत येते, तिची जाळी तुंबते. शाळेच्या बाईंनी एक वेगळा मुद्दा काढला. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोगविषयक संस्थेने २०१२ साली डिझेलचा धूर कर्करोगकारक ठरविला आहे, आणि रविवारी धर्मशिक्षणाच्या वर्गांची मुले नेमकी जीपच्या मागे रांग लावीत. जुन्या डिझेल गाड्यांविषयी हा मुद्दा खोडता येण्यासारखा नव्हता. दिल्लीत ज्यांचा भाचा राहतो अशा एका सभासदांनी, दहा वर्षांवरील डिझेल गाड्यांवरची तेथील बंदी २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने उचलून धरली होती, याची आठवण दिली. उद्या आपल्याकडे तसे झाले तर? होईल की नाही हे कोण सांगणार, पण जुने डिझेल घेणाऱ्याच्या मनात ही पाल चुकचुकणारच. टेम्पोवाले सभासद शेवटी म्हणाले, “फादर, तुमच्या पायाला पेट्रोलच बरे. माझ्या पायाला डिझेल.” वादाचा निकाल याहून नेमक्या शब्दांत कोणी दिला नसता.

नोव्हेंबरात २०१६ ची एक लहान पेट्रोल गाडी मिळाली. दोन लाख ऐंशी हजारांना. एका निवृत्त शिक्षकांची होती. रंग जरा विटलेला, मागच्या दरवाजाला एक पोचा. तो पोचा कसा पडला हे त्यांनी न विचारता सांगितले. त्यांनी स्वतःच गेटवर घातली होती. आम्ही तेथेच निम्मे पटलो. मिस्त्रींनी थंड इंजिन चालू करून पाहिले, पट्टे ओढून पाहिले, पेट्रोलच्या जुन्या रबरी नळ्या बदलावयास लावल्या. इथेनॉलने त्या लवकर खराब होतात. पावसाळ्यात टाकी रिकामी ठेवू नका, इथेनॉल ओल धरते, असेही बजावले. विक्रीचे फॉर्म, विमा, पीयूसी यांत पंधरा दिवस गेले. त्या पंधरा दिवसांविषयी लिहिण्यासारखे काही नाही.

गाडीचा आवाज इतका कमी आहे की वाडीत आम्ही पोहोचतो तरी कोणाला पत्ता नसतो. पत्ते खेळणारे आता सापडतात. बॅटरी घेतल्या दिवशीच नवी बसविली, आणि मिस्त्रींनी तिच्यावर पांढऱ्या रंगाने तारीख लिहून ठेवली. महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी आजाऱ्यांना परमप्रसाद देण्यासाठी निघण्यापूर्वी आम्ही बॉनेट उघडून ती तारीख पाहतो. आजींचे घर त्याच फेरीच्या वाटेवर आहे. गेल्या खेपेस त्यांचा मुलगा कुंपणाशी केळीची पाने उतरवीत उभा होता. गाडी पाहून त्याने कोयता खाली ठेवला.

“होते ना पहिल्या किल्लीला?” त्याने विचारले.

“होते,” आम्ही म्हणालो.